अतिमानवाचें फसलेलें उड्डाण

अद्भुत कथा सांगणाराचें काम वरवर पाहणाराला मोठें सोपें वाटतें. वास्तव जीवनाचें चित्र रेखाटणाराला पदोपदीं शक्याशक्यतेचा विचार करावा लागतो. अद्भुताच्या कर्त्याला ती अडचण कसली? त्याचा नायक आकाशांत उडाला काय आणि त्यानें पर्वत उचलला काय, त्याला जाब विचारणार कोण? असा एक समज सर्वत्र रूढ आहे. हा समज किती फसवा आहे हें १९८७ सालीं अमेरिकेंत एका चित्रपटानें चांगलेंच दाखवून दिलें. 'सुपरमॅन' या जगप्रसिद्ध अतिमानवी नायकाचा चौथा चित्रपट त्या वर्षीं २४ जुलै रोजीं तेथें प्रदर्शित झाला. 'शांततेचा शोध' असें त्याचें उपशीर्षक होतें. नायक लहानथोरांच्या ओळखीचा, भूमिका करणारा नट लोकांच्या आवडीचा, आणि विषय तर अण्वस्त्रांपासून जगाची मुक्तता हा. असें असूनहि प्रेक्षकांनीं त्याकडे पाठ फिरविली आणि टीकाकारांनींहि त्याची कठोर संभावना केली. सामान्य प्रेक्षक आणि टीकाकार यांचें एकमत क्वचितच होतें. तें येथें झालें. तें कां झालें, याचा विचार केला असतां अद्भुतरसालाहि कांहीं पथ्यें पाळावीं लागतात आणि तीं मोडल्यास हेतु कितीहि थोर असला तरी कृति वांचत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत येते.

या नायकाचा जन्म कागदावर झाला. क्लीव्हलंड शहरांतील जेरी सीगेल व जो शुस्टर या दोन तरुणांनीं त्याची कल्पना केली. सीगेल कथा लिही आणि शुस्टर चित्रें काढी. जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स' या चित्रकथा-मासिकाच्या पहिल्या अंकांत तो प्रथम वाचकांपुढें आला. पुढें रूढ झालेल्या कथेप्रमाणें, क्रिप्टन नांवाच्या ग्रहाचा नाश होण्याच्या वेळीं एक तान्हें बालक तेथून पृथ्वीवर येतें, एका शेतकरी दांपत्याच्या घरीं वाढतें, आणि मोठेपणीं क्लार्क केंट या नांवानें एका वृत्तपत्रांत बातमीदार होतें. संकटाची वेळ आली कीं, तोच बुजरा बातमीदार निळा वेष व पाठीवर तांबडें वस्त्र धारण करून आकाशांत झेप घेतो.

दोनच वर्षांनीं, १९४० च्या फेब्रुवारींत, हा नायक नभोवाणीवर अवतरला. नभोवाणीवर उडणारा माणूस दाखवितां येत नाहीं. तेथें साधनें दोनच: सोसाट्याच्या वाऱ्याचा ध्वनि आणि नटाचा आवाज. बड कॉलियर हा नट क्लार्क केंटचें भाषण वरच्या पट्टींत बोले, आणि वेष पालटतांच त्याच वाक्यांत आवाज एकदम खालच्या पट्टींत उतरवी. तेवढ्यानें घरोघरचीं मुलें आकाशाकडे पाहूं लागत. याच मालिकेंत १९४३ सालीं 'क्रिप्टोनाइट' नांवाचें एक खनिज प्रथम आलें; त्याच्या सान्निध्यांत नायकाचें सारें बळ ओसरतें. ही युक्ति क्षुल्लक नव्हती. ज्याला कांहींच अशक्य नाहीं त्याची कथा होऊं शकत नाहीं, हें मर्म त्या नभोवाणीच्या लेखकांना उमगलें होतें. नायकाच्या सामर्थ्याला सीमा असली तरच त्याच्या विजयाला मोल येतें.

पडद्यावर मात्र ऐकूं येऊन भागत नाहीं. तेथें डोळ्यांची समजूत घालावी लागते. १९४८ च्या साखळी-चित्रपटांत नायक उडूं लागला कीं, नटाच्या जागीं हातानें काढलेलें हलतें चित्र येई. तो सांधा कोणालाहि दिसे. पुढें तीस वर्षांनीं, १९७८ सालीं, रिचर्ड डॉनर या दिग्दर्शकानें हें आव्हान पुन्हां स्वीकारलें. 'खरें वाटलें पाहिजे' या अर्थाचा एक शब्द त्यानें आपल्या कचेरींत लावून ठेवला होता, आणि त्या चित्रपटाचें सारें रहस्य त्या एका शब्दांत आहे. खर्च सुमारें ५ कोटी ५० लाख डॉलर झाला. झोरान पेरिसिच या तंत्रज्ञानें कॅमेरा व प्रक्षेपक या दोहोंचीं भिंगें एकमेकांशीं ताल धरून चालतील अशी योजना केली. त्यामुळें नट जागच्या जागीं टांगलेला असूनहि तो दूरवरून झेपावत येत आहे असा भास होई. या दृश्यांसाठीं त्या चित्रपटाला ऑस्करचें खास पारितोषिक मिळालें.

तथापि प्रेक्षकांचा विश्वास केवळ यंत्रानें संपादन केलेला नव्हता. चित्रपटाचा बराच भाग उलटून जाईपर्यंत नायक आपल्या वेषांत दिसतच नाहीं. आधीं दिसतें तें खेड्यांतील शेत, दत्तक मातापिता, आणि हृदयविकारानें अकस्मात् कोसळणारा वृद्ध बाप. एवढें बळ अंगीं असूनहि बापाला वांचवितां आलें नाहीं, ही मुलाची व्यथा मनांत रुजल्यावर मग तो उडतो. भूमिका करणारा क्रिस्टोफर रीव्ह हा त्या वेळीं फारसा परिचित नव्हता. लोइस या सहकारी स्त्रीच्या घरीं तो एकदां चष्मा काढतो, वांकलेले खांदे सरळ करतो, आणि कॅमेऱ्याच्या कोणत्याहि करामतीवांचून क्लार्क केंटचा सुपरमॅन होतो; क्षणांत पुन्हां खांदे पाडून तो पूर्ववत् होतो. असा नट उडाला तर प्रेक्षक त्याच्याबरोबर उडतात. त्या चित्रपटाचा शेवटहि निर्दोष नव्हता. मृत प्रियेसाठीं नायक पृथ्वीभोंवतीं फिरून काळच मागें लोटतो, ही गोष्ट अनेकांना खटकली. परंतु तोंवर विश्वासाची एवढी पुंजी जमली होती कीं, प्रेक्षकांनीं तेवढा खर्च आनंदानें सोसला.

ही पुंजी पुढें हळूहळू आटत गेली. १९८० चा दुसरा चित्रपट चांगला चालला. १९८३ च्या तिसऱ्यांत विनोदाचा भर वाढून नायकाचें गांभीर्य उणावलें. १९८४ चा 'सुपरगर्ल' हा चित्रपट तर पडलाच. अशा वेळीं निर्मात्यांनीं चित्रपटाचे हक्क 'कॅनन' या संस्थेला विकले. मेनाहेम गोलान व योराम ग्लोबस हे इस्रायलमधून आलेले दोघे चुलत बंधु तिचे चालक होते. थोडक्या खर्चांत पुष्कळ चित्रपट काढणारी संस्था म्हणून तिचा लौकिक होता. रीव्हच्या मनांतून ही भूमिका पुन्हां करावयाची नव्हती. परंतु कथेच्या रचनेंत त्याला वांटा मिळाला, आणि 'स्ट्रीट स्मार्ट' हा त्याच्या आवडीचा एक वेगळा चित्रपटहि काढण्याचें संस्थेनें मान्य केलें. जगापुढें अण्वस्त्रांचें संकट उभें असतां सुपरमॅन स्वस्थ कसा बसेल, हा प्रश्न त्याला मनापासून महत्त्वाचा वाटत होता. हेतूंत खोट नव्हती, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. कारण पुढील अपयश लबाडाचें नसून प्रामाणिकाचें आहे.

कथा थोडक्यांत अशी. एक शाळकरी मुलगा सुपरमॅनला पत्र लिहितो कीं, जगांतील सारीं अण्वस्त्रें तूं नाहींशीं कर. नायक संकोचतो, मानवाच्या इतिहासांत ढवळाढवळ करूं नये असा त्याच्या पूर्वजांचा दंडक आहे. इकडे त्याचें वृत्तपत्र एका धनाढ्यानें विकत घेतलेलें असतें, आणि सुपरमॅननें मुलाला झिडकारलें अशा अर्थाचा भडक मथळा त्यांत झळकतो. शेवटीं नायक संयुक्त राष्ट्रसंघांत जाऊन आपला निश्चय जाहीर करतो, क्षेपणास्त्रें अंतराळांत एका प्रचंड जाळ्यांत गोळा करतो आणि सूर्यावर भिरकावून देतो. त्याचा जुना वैरी लेक्स ल्यूथर पदार्थसंग्रहालयांतून त्याचा एक केस चोरतो व त्यापासून बनविलेलें द्रव्य एका क्षेपणास्त्राला जोडून देतो. तें सूर्यांत पडतांच त्यांतून एक अणुमानव जन्माला येतो, आणि उरलेला चित्रपट बहुतांशीं त्या दोघांच्या झुंजीचा आहे.

अपयशाचें पहिलें कारण काटकसरीचें. प्रथम ठरलेला सुमारें ३ कोटी ६० लाख डॉलरांचा खर्च चित्रण सुरू होण्याच्या सुमारास १ कोटी ७० लाखांवर आणण्यांत आला. न्यूयॉर्कसारख्या महानगराचीं दृश्यें इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या नव्या वसविलेल्या गांवीं घेण्यांत आलीं. नायक राष्ट्रसंघाच्या इमारतीकडे चालत जातो हा कथेंतील अत्यंत गंभीर प्रसंग. त्या वेळीं रस्ते माणसांनीं फुलून गेलेले असावयास हवे होते. पडद्यावर दिसते ती तुरळक मंडळी आणि मोकळें पटांगण. रीव्हनें १९९८ च्या आपल्या आत्मचरित्रांत या प्रसंगाचा विषादानें उल्लेख केला आहे. उड्डाणाचें तर एकच समोरून घेतलेलें दृश्य पार्श्वभूमि पालटून वारंवार वापरलें आहे. तोच हात, तीच मुद्रा, तीच झेप. चंद्रावरील झुंजींत अंतराळ म्हणून टांगलेल्या काळ्या पडद्याच्या चुण्याहि दिसून येतात. जादूगाराची दोरी एकदां दिसली कीं, त्यानें पुढें कितीहि मोठा खेळ केला तरी प्रेक्षक दोरीच शोधीत बसतात.

परंतु केवळ द्रव्याभावावर खापर फोडून हा प्रश्न सुटत नाहीं. अल्प साधनांनीं उभें केलेलें अद्भुतहि मनाचा ठाव घेऊं शकतें, याची साक्ष मराठी प्रेक्षक देऊं शकेल. १९३६ सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीनें काढलेला, दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' घ्या. त्यांतील सदेह वैकुंठगमनाचें दृश्य आजच्या यंत्रसाधनांच्या मानानें अगदीं साधें आहे. तरीहि तें पाहतांना कोणी हंसलें नाहीं. कारण तें विमान येण्यापूर्वीं प्रेक्षक तुकोबांच्या घरांत वावरलेला असतो. तेथील दारिद्र्य, विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबांची शांति आणि गौरीच्या जिजाईचा त्रागा या साऱ्यांचा तो साक्षी असतो. विमान वर जातें आणि जिजाई मागें राहते. त्या एका विरहानें चमत्काराला वजन येतें. चमत्कार खरा वाटतो तो त्याच्या झगमगाटामुळें नव्हे, तर त्याच्या पायाशीं असलेल्या साध्या संसाराच्या खरेपणामुळें.

चौथ्या सुपरमॅनमध्यें नेमका हाच पाया ढासळला आहे, आणि हें अपयशाचें दुसरें कारण. अद्भुत जग निसर्गाचे नियम मोडतें, पण त्यानें आपले स्वतःचे नियम मोडतां कामा नये. माणूस उडतो हें एकदां मान्य केल्यावर प्रेक्षक तक्रार करीत नाहीं. परंतु सामान्य मनुष्यांना श्वासाची गरज असते हें त्या जगांतहि खरेंच आहे. असें असतां अणुमानव एका स्त्रीला उचलून अंतराळांत नेतो, आणि ती बाई तेथें कोणत्याहि साधनावांचून सुखरूप राहते. चीनची प्रचंड भिंत फुटतांच नायक नुसत्या दृष्टिक्षेपानें तिच्या विटा जागच्या जागीं बसवितो. ही शक्ति त्याच्या अंगीं असल्याचें तोंवर कोणाला ठाऊक नव्हतें. अणुमानव सूर्यप्रकाश नाहींसा होतांच निश्चेष्ट पडतो, म्हणून नायक चंद्रच ढकलून सूर्याच्या आड आणतो. पृथ्वीवरील सागराला त्याची वार्ताहि लागत नाहीं. ज्या जगांत पुढच्या घटकेला कांहींहि होऊं शकतें त्या जगांत भीति उरत नाहीं, आणि भीति नाहीं तेथें कुतूहलहि नाहीं. १९४३ सालीं नभोवाणीच्या लेखकांना जें उमगलें होतें त्याचा येथें विसर पडला.

त्यांतच कात्रीनें घात केला. मुळांत सुमारें १३४ मिनिटांचा असलेला हा चित्रपट निवडक प्रेक्षकांना दाखविल्यानंतर जवळजवळ पाऊण तासानें कमी करण्यांत आला. अणुमानवाची एक आधींची आवृत्तिहि मूळ कथेंत होती. ती समूळ गेली. चित्रपट वेगवान् व्हावा हा छाटणीचा उद्देश. परंतु कार्यकारणाचे दुवे तुटले म्हणजे वेग वाढत नाहीं, केवळ गोंधळ वाढतो. वृत्तपत्राची कथा, नायकाच्या एकटेपणाची कथा आणि शस्त्रांची कथा अशा तीन नद्या निघतात, पण त्यांचा संगम कोठेंच होत नाहीं.

तिसरें कारण याहून खोल आहे. चित्रपटानें एक खरा आणि जिवंत प्रश्न हातीं घेतला होता. ऑक्टोबर १९८६ मध्यें रेक्याविक येथें अमेरिकेचे अध्यक्ष रीगन आणि सोव्हिएट नेते गोर्बाचेव्ह शस्त्रकपातीसाठीं भेटले होते व करार न होतांच परतले होते. त्या काळच्या प्रत्येक घरांतील आईबापांना हा प्रश्न छळीत होता. अशा प्रश्नाला चित्रपटानें दिलेलें उत्तर काय, तर एक जाळें. राष्ट्रसंघांत नायक बोलतो आणि सभागृह टाळ्यांनीं दुमदुमतें. ज्या राष्ट्रांनीं अब्जावधि द्रव्य ओतून आणि परस्परांच्या धास्तीनें हीं अस्त्रें रचलीं, तीं एका भाषणानें तीं सोडावयास तयार होतात! अस्त्रें नाहींशीं झाल्यावर त्यांच्या मनांतील भयाचें काय झालें, त्यांनीं दुसऱ्या दिवसापासून नवीं अस्त्रें घडविलीं किंवा नाहीं, यांपैकीं एकाहि प्रश्नाकडे कथा वळत नाहीं. नायकाच्या सत्कृत्यांतूनच राक्षस जन्मतो ही कल्पना बीजरूपानें उत्तम होती. शक्तीनें लादलेली शांति नवी आपत्ति प्रसवते, असा त्यांतून अर्थ निघूं शकला असता. परंतु राक्षस अवतरतांच शस्त्रांचा विषय मागें पडतो आणि उरते ती निव्वळ मारामारी. पूर्वजांचा दंडक मोडल्याबद्दल नायकाला कांहींच भोगावें लागत नाहीं. त्याला एक दुखणें येतें खरें, पण तें वैऱ्याच्या नखाच्या ओरखड्यानें. स्वतःच्या निर्णयानें नव्हे. शेवटीं तो जगाला सांगतो कीं, शांतता कोणी देऊं शकत नाहीं, लोकांनींच ती सरकारांकडून मिळविली पाहिजे. विचार योग्य आहे. मात्र चित्रपटानें तो दाखविला नाहीं, नुसता उच्चारला. कथेनें सिद्ध न केलेला उपदेश प्रेक्षकांना भाषणासारखा वाटतो, आणि भाषण ऐकण्यासाठीं कोणी तिकीट काढीत नाहीं.

खरें शस्त्रविसर्जन कसें असतें हें त्याच वर्षाच्या अखेरीस जगानें पाहिलें. ८ डिसेंबर १९८७ रोजीं वॉशिंग्टन येथें त्याच दोन नेत्यांनीं मध्यम व लघु पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांविषयीं करार केला. एकमेकांच्या तळांवर तपासनीस नेमले गेले, एकेक अस्त्र मोजलें गेलें, आणि १ जून १९९१ पर्यंत उभय पक्षांनीं मिळून २,६९२ क्षेपणास्त्रें नष्ट केलीं. हें काम चिकाटीचें, संशयाचें आणि हिशेबाचें होतें. आणि इतकें करूनहि तो करार २०१९ सालीं संपुष्टांत आला. शांततेला किती कष्ट पडतात आणि ती किती नाजूक असते, याचें हें चित्र चित्रपटांतील जाळ्यापुढें ठेवून पाहावें. प्रेक्षकांना या तपशिलाची माहिती त्या जुलैंत असणें शक्य नव्हतें. तरी प्रश्न एवढा स्वस्त नाहीं हें त्यांना आंतून कळत होतें. आपल्या सर्वांत मोठ्या भयाची अशी सोपी बोळवण झालेली पाहून लहान मुलें कंटाळलीं आणि मोठीं माणसें हंसलीं. ज्या गोष्टीचें हंसें व्हावयास नको होतें तिचें हंसें झालें, हें या अपयशांतील खरें नुकसान.

पैशाचें नुकसान त्या मानानें लहान. अमेरिकेंतील उत्पन्न सुमारें १ कोटी ५७ लाख डॉलर झालें. म्हणजे छाटलेला खर्चहि तेथें भरून निघाला नाहीं. यानंतर सुपरमॅनचा पुढचा चित्रपट पडद्यावर यावयास २००६ साल उजाडलें.

या कथेला एक उपसंहार आहे, आणि तो पडद्याबाहेरचा आहे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत चिली देशांत पिनोशे याच्या लष्करी राजवटीच्या काळांत ७७ नाट्यकलावंतांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. एरिएल डॉर्फमन या चिलियन लेखकाच्या विनंतीवरून क्रिस्टोफर रीव्ह स्वतः सांतियागोला गेला आणि त्या कलावंतांच्या सभेंत त्यांच्या बाजूनें उभा राहिला. तेथें ना तांबडें वस्त्र होतें, ना उडण्याची शक्ति. गोळी लागली असती तर ती त्याला भेदून गेली असती. तरी तो गेला, आणि म्हणूनच त्या जाण्याला अर्थ होता. चित्रपटांतील अतिमानवानें साऱ्या जगाचीं शस्त्रें उचलून फेकलीं आणि कोणाचें मन हललें नाहीं. त्याच नटानें एक साधा माणूस म्हणून जीव धोक्यांत घातला, तेव्हां भ्यालेल्या माणसांना धीर आला. अद्भुत कथेच्या कर्त्यांनीं यांतून घ्यावयाचा बोध कठीण नाहीं. नायकाला पाहिजे तितकें बळ द्यावें. परंतु त्याला कांहीं तरी गमावण्याजोगेंहि द्यावें. तें नसेल तर आकाशांत उडणारा नायक आणि दोरीला टांगलेला नट यांतील भेद सांगतां येणें प्रेक्षकाला फार अवघड जात नाहीं.